श्वासाचा गृहपाठ

श्वसनसंस्थेचा धडा आम्ही आजवर अनेक वर्गांना शिकविला. फळ्यावर फुप्फुसे काढली, श्वासपटल खाली सरकले की छातीत हवा भरते हे समजावून दिले. तोच धडा पन्नाशीनंतर स्वतःच्या देहावर गिरविण्याचा योग येईल, असे मात्र कधी मनात आले नव्हते.

पेडण्यास होतो तोवर शाळेची चढण आम्ही सहज चढत असू. डिचोलीस बदली होऊन काही वर्षे लोटली आणि वजन सव्वाशे किलोच्या घरात गेले. मधुमेह जडला. रात्री घोरता घोरता श्वास मध्येच थांबे; पत्नी उशाशी जागत बसे. अखेर जठराचा मोठा भाग दुर्बिणीतून काढून टाकण्याची शस्त्रक्रिया ठरली. 2017 साली इजिप्तच्या इमान अहमद या सुमारे पाचशे किलो वजनाच्या बाईंना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले, तेव्हापासून अशा शस्त्रक्रियांची चर्चा घरोघरी पोचली आहे. परंतु पोटाच्या शस्त्रक्रियेशी फुप्फुसांचा काय संबंध, असे आमच्याकडे सर्वांनी विचारले.

संबंध फार जवळचा आहे. पोटावरील मेदाचा भार श्वासपटलाला वर ढकलतो. त्यामुळे फुप्फुसांचा तळ आधीच दबलेला असतो. त्यात भूल दिली की तेथील वायुकोश मिटतात. शुद्धीवर आल्यावर टाके दुखतात म्हणून मनुष्य वरवर श्वास घेतो, खोकणे टाळतो. कफ साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

आमची थोरली बहीण पेडण्याहून समाचारास आली. म्हणाली, "भाऊ, टाके ओले आहेत, गप पडून राहा." तिची माया खरी, पण परिचारिकेने त्याच संध्याकाळी आम्हांस उठवून चार पावले चालविले. उशीला पाठ टेकून अर्धवट बसावे, नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, तीन ते पाच सेकंद रोखावा, हळूहळू सोडावा. जागेपणी तासातासाला दहा वेळा. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरावी. हा आमचा गृहपाठ होता.

तीन चेंडूंचे एक प्लास्टिकचे यंत्रही मिळाले. त्यात फुंकायचे नसते, श्वास आत ओढून चेंडू वर न्यायचे असतात. मात्र 2017 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा शस्त्रक्रियेनंतर हे यंत्र दिलेल्या व न दिलेल्या रुग्णांत फुप्फुसांच्या तक्रारींचा विशेष फरक आढळला नाही. म्हणून चेंडू वर गेला की काम झाले, असे समजू नये. लवकर उठणे, चालणे आणि खोल श्वास यांना पर्याय नाही. चालण्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही घटतो. ती गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, ताप आला वा पोटरी सुजली, तर घरगुती काढा न करता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

आमच्या वाचकांत प्राणायाम करणारे पुष्कळ असतील. संथ पूरक-रेचक ठीक. परंतु पोटाला हिसके देणारी कपालभाती टाके भरून डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत करू नये. तंबाखू, विडी शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक आठवडे आधीच सोडावी. झोपेत श्वास अडतो म्हणून रात्रीचे यंत्र लावणाऱ्यांनी, वजन उतरले तरी पुन्हा तपासणी झाल्यावाचून ते बंद करू नये.

पेजेच्या निवळीपासून आरंभ करून आम्ही आता वाटीभर मऊ भातापर्यंत आलो आहोत. वजन उतरत आहे, आणि पत्नीला रात्रभर झोप लागते, हे आम्हांस त्याहून मोलाचे वाटते. आपल्याकडे आजाऱ्याला "पडून राहा" म्हणणे हीच माया मानतात. अशा शस्त्रक्रियेनंतर मात्र, डॉक्टरांनी मोकळीक दिली की "चला, हात धरतो, दोन पावले टाकू," असे म्हणणारे माणूस घरात हवे.