आकडा जुळला, अक्षर हरवले

माउली, तुमच्या हातातली तुळशीची माळ रोज किती वेळा फिरते? माझा नेम अकरा माळांचा. गुडघ्यामुळे गेल्या आषाढात पायी वारी चुकली, तेव्हापासून धरलेला. वहीत एकही दिवस कोरा नाही. याचा मला अभिमान होता. तो नातीमुळे उतरला.

नागपुरात, महालातल्या आमच्या घरी, ती रात्री संगणकापुढे रडकुंडीला आली होती. सकाळी सी भाषेची प्रात्यक्षिक परीक्षा. शेजारी आपल्या नागपूरच्याच यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ उघडे. प्रोग्राम साधा: टाइप केलेले एकेक अक्षर घ्यायचे, एकूण मोजायचे आणि त्यांत ‘व्ही’ किती तेही सांगायचे. तिने इंग्रजी लिपीत ‘विठ्ठल विठ्ठल’ लिहिले. सात नि सात चौदा, मधली मोकळी जागा एक, एंटर एक, एकूण 16. उत्तर 16 च आले. पण ‘व्ही’ मात्र 0!

“आजोबा, मोजणी बरोबर आहे, मग अक्षर गेलं कुठे?”

पाऊण तासाने तिलाच सापडले. एकाच ओळीत दोन कामे होती. ‘गेटचार’ने आणलेले अक्षर डबीत ठेवायचे, आणि ते ‘ईओएफ’, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, नाही ना हे पाहायचे. ही खूण आपल्या मेरुमण्यासारखी: तिथे थांबायचे, तिला मोजायचे नाही. कंस राहून गेल्यामुळे संगणकाने आधी तुलना केली आणि ‘होय’ हे उत्तर, म्हणजे 1, डबीत ठेवले. दर फेऱ्याला 1 च. फेरे पुरे झाले, आकडा जुळला, अक्षर एकदाही हाती राहिले नाही. कर्निहॅन आणि रिची यांनी 1978 च्या आपल्या पुस्तकात, पहिल्याच प्रकरणात, या कंसाबद्दल बजावले आहे.

तिने कंस घातला. आधी अक्षर ठेव, मग संपले का ते पाहा. 16 आणि 2.

ती हसत झोपायला गेली. मी वही उघडली. अकरा, अकरा, अकरा. कालची चौथी माळ आठवून पाहिली. आठवला तो फक्त शेताच्या वाटणीचा हिशेब. माळ फिरत होती, ‘संपली का’ एवढेच मी पाहत होतो.

त्या रात्री माझ्या तीनच माळा झाल्या. वहीत तीनच लिहिल्या. माउली, आज तुमची माळ झाली की एकदा डबी उघडून पाहा.

राम कृष्ण हरी.