आधी पाणी, मग धडा

आपल्याकडे पाहुणा दारात आला की त्याला आधी "बसा, पाणी घ्या" म्हणतात. तो कशासाठी आला, किती दिवस राहणार, हे मागाहून विचारतात. महाशिवरात्रीला मार्कंड्याची यात्रा भरते, तेव्हा वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या गावांतून माणसे येतात. घरोघरी ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचेही उतरतात. पण हाती पाण्याचा तांब्या दिल्याखेरीज कुणी कुणाला काही विचारत नाही. मोबाइलवरून शिकविण्याचा वर्ग सुरू करणाऱ्याने ही घरची रीत विसरू नये, एवढेच मला सांगावयाचे आहे.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाइलवरचे शिकणे खेड्यापाड्यांत येऊन पोहोचले. त्याआधी 2017 मध्ये केंद्र सरकारने 'स्वयम्' नावाने घरबसल्या शिकण्याची सोय केली होती. आता संगणक, शेळीपालन, शिवणकाम, स्पर्धा परीक्षा, सगळ्यांचे वर्ग फोनवर मिळतात. नाव नोंदविणारे पुष्कळ असतात, शेवटपर्यंत टिकणारे थोडे. हा अनुभव आपल्याच भागाचा नाही, साऱ्या जगाचा आहे. लोक म्हणतात, मुलांना अभ्यासाची गोडी नाही. मला ते पटत नाही. धडा कठीण होण्याच्या आधीच, पहिल्या आठ दिवसांत, कितीतरी जण गळतात. ते धड्याला भ्यालेले नसतात. आपण आलो हे तिथे कुणाला कळलेच नाही, असे त्यांना वाटते.

लांबून शिकणे म्हणजे काय, हे मी स्वतः अनुभवले आहे. लग्नानंतर माझे शिक्षण थांबले होते. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ज्यांना रोज कॉलेजात जाता येत नाही अशा नोकरदारांना, शेतकऱ्यांना आणि घरच्या बायकांना त्याने दार उघडले. काही वर्षांनी मीही नाव घातले. पुस्तकांचा गठ्ठा घरी आला आणि तो पाहूनच माझी छाती दडपली. आठ दिवस मी तो फडताळात तसाच ठेवला. मग अभ्यासकेंद्रावर पहिला रविवारचा वर्ग झाला. शिकविणाऱ्या सरांनी पुस्तक उघडले नाही. प्रत्येकाला नाव विचारले, गाव विचारले, आणि म्हणाले, "तुमची परतीची एसटी किती वाजता?" ज्यांची गाडी लवकर होती त्यांच्या शंका त्यांनी आधी घेतल्या. घरी आल्यावर मी गठ्ठा सोडला. पुस्तके तीच होती, पण आता त्यांच्यामागे मला ओळखणारे एक माणूस उभे होते.

ही गोष्ट नवी नाही. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली 150 गावे निवडली. गावोगाव वीसेक शेतकऱ्यांचे श्रोतामंडळ केले. आठवड्यातून दोनदा शेती आणि गावसुधारणेचा कार्यक्रम लागे, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून ऐकत, मग त्यावर आपसांत बोलत. त्यांनी पाठविलेल्या प्रश्नांना पुढे रेडिओवरून उत्तरे मिळत. पडताळ्यासाठी अशीही गावे घेतली होती की जिथे रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. अखेरीस दिसले ते असे, की मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत पुष्कळ भर पडली आणि नुसत्या रेडिओच्या गावांत फारच थोडी. आवाज दोन्हीकडे तोच पोहोचला होता. मंडळाच्या गावात मात्र ऐकणाऱ्याला सोबत होती, आणि आपला प्रश्न कुणीतरी ऐकतो हे त्याला ठाऊक होते.

हे ध्यानात ठेवूनच मी दोन वर्षांपासून आमच्या भागातल्या मुली, सुना आणि तरुण मुलांसाठी फोनवरून एक लहानसा वर्ग चालविते. शेतीचा जमाखर्च कसा लिहावा, बँकेचा कागद कसा वाचावा, पीककर्जाचे व्याज कसे मोजावे, एवढेच त्यात असते. वर्ग सुरू होण्याआधी मी प्रत्येकाला स्वतः फोन करते. लिहिलेल्या निरोपाने ते काम होत नाही, आवाज ऐकावा लागतो.

बारावीनंतर घरी बसलेली एक मुलगी अशीच वर्गात आली. माझ्याशी छान बोलली, पण वर्ग सुरू झाल्यावर चार दिवस तिचा काहीच पत्ता नाही. पाचव्या दिवशी मी संध्याकाळी पुन्हा फोन लावला. ती हळूच म्हणाली, "बाई, फोन माह्या भावाचा हाये. तो कामावर गेला का फोनही गेला." धडा सकाळी येई, आणि फोन तिच्या हाती रात्री आठनंतर. तोवर बाकीच्यांची उत्तरे येऊन गेलेली असत. आपण मागे पडलो, आता काय बोलावे, म्हणून ती गप्प होती. आम्ही धड्याची वेळ रात्रीची केली आणि उत्तराला तीन दिवसांची सवड दिली. ती चुलीजवळ बसून ऐके आणि वहीत लिहून घेई. पुढे तिने वडिलांच्या पीककर्जाचा कागद स्वतः वाचला. मुदतीत परतफेड केली तरच व्याजाची सवलत मिळते, हे तिने बापाला सांगितले आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडून ठेवली. त्या वर्षी कर्ज वेळेत फिटले. ही मुलगी पाचव्या दिवशी गळाली असती, तर तिला अभ्यासाची गोडी नव्हती असेच सगळे म्हणाले असते.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे. फोन कुणाचा, आणि तो तुमच्या हाती किती वाजता येतो? दुसरा प्रश्न, घरात रेंज मिळते की टेकाडावर जावे लागते? जंगलातल्या गावांना मी चालते चित्र पाठवीत नाही. आवाजाचा लहान धडा पाठविते, म्हणजे आठवडी बाजाराला आलेला माणूस तो उतरवून घेतो आणि घरी सवडीने ऐकतो.

पहिल्या आठवड्यात परीक्षा नाही. पहिले काम असे, की ज्यात कुणी चुकूच शकत नाही. तुमच्या बांधीत यंदा कोणते धान आहे, ते आपल्या आवाजात सांगा. झाडीबोलीत सांगा, गोंडीत सांगा, जशी जीभ वळेल तसे सांगा. पुस्तकी भाषा येत नाही म्हणून खूप जण तोंड उघडत नाहीत. एकदा आपली बोली चालते असे कळले की प्रश्न यायला लागतात. शिवाय जवळच्या गावांतल्या दोघादोघांची जोडी लावून देते. एकाला अडले तर तो आधी जोडीदाराला विचारतो. दोन दिवस कुणी गप्प राहिला तर त्याला फोन जातो. तो फोन रागवायचा नसतो, खुशालीचा असतो.

वेळापत्रकाचेही असेच. आमच्याकडे पावसाळ्यात पऱ्हे आणि रोवणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, मग मळणी, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपत्ता. रिकामा महिना शोधू गेले तर वर्षभरात एकही सापडणार नाही. म्हणून रोवणी ऐन भरात असली की आम्ही दोन आठवडे धडा थांबवितो आणि तसे आधीच सांगून ठेवतो. चिखलातून दमून आलेल्या बाईला "तुमचे काम राहिले" असा निरोप गेला तर ती दुसऱ्या दिवशी फोन उघडतच नाही.

शिकविणाऱ्याने एवढे केले, तरी निम्मे काम घरच्यांच्या हाती राहते. पुस्तकाचा अभ्यास दिसतो, पण फोनवरचा अभ्यास घरच्यांना फोनवरचा खेळ वाटतो. सून कानाला फोन लावून बसली की सासूच्या कपाळाला आठी पडते. तेव्हा तुमच्या घरातून कुणी असा वर्ग लावणार असेल, तर तो सुरू होण्याआधीच सगळ्यांनी बसून ठरवा. फोन तिला रोज केव्हा मिळेल? त्या वेळी पाणी कोण आणील, लेकराला कोण सांभाळील? पहिला आठवडा फार नाजूक असतो. त्या दिवसांत जेवताना तिला सहज विचारा, "आज काय शिकलीस, आम्हालाही सांग." तुम्हाला कळो न कळो, ऐकून घ्या. पुढचे धडे मग ती आपणच पुरे करील.