भात सोडायचा नाही, मोजायचा

मंडळी, नेरूळच्या या घरात आम्ही दोघंच. ह्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, मला नाही. हे मूळचे राजापूरकडचे, त्यामुळे भात नसेल तर जेवण झाल्यासारखंच वाटत नाही. निदान झालं आणि घरात दोन ताटं सुरू झाली. एक माझं आणि एक 'पेशंटचं'. माणूस आपल्याच घरात परक्यासारखा जेवतो, ते बघवत नाही हो.

त्यात सल्ले देणारे पुष्कळ! धाकट्या दिरांनाही मधुमेह. ते म्हणाले, "वहिनी, भात-पोळी बंद केली की साखर आपोआप गेली!" त्यांनी एका दिवसात दोन्ही बंद केलं, गोळ्या मात्र पूर्वीच्याच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दरदरून घाम, हात थरथरायला लागले, साखर ५८! ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न कमी गेलं तरी गोळी आपलं काम करतच राहते. म्हणून ताट बदलायचं तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, हा आमच्याकडचा पहिला नियम.

मग किती खायचं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीवरून २०२२ साली १८,०९० प्रौढांच्या आहाराचा हिशेब मांडला गेला. नव्याने मधुमेह झालेल्यांनी एकूण उष्मांकांपैकी साधारण ४९ ते ५४ टक्के कर्बोदकांतून घ्यावेत, आणि ज्यांची साखर नॉर्मल आहे त्यांनी ती तशीच राहावी म्हणून ५६ ते ६० टक्के, असं त्यातून निघालं. म्हणजे दोघांच्या ताटांत फरक किती? जेमतेम एका पोळीचा! हे वाचलं आणि दोन ताटांचं कारणच संपलं.

याच पाहणीचा २०२५ सालचा अहवाल सांगतो की आपण भारतीय सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो. मी मराठीची शिक्षिका, पण त्रैराशिक अजून येतं. रोजचे १६०० उष्मांक धरले तर ६२ टक्के म्हणजे ९९२. एका ग्रॅममधून ४ उष्मांक, म्हणजे सुमारे २४८ ग्रॅम कर्बोदकं. ५० टक्के धरले तर २०० ग्रॅम. फरक ४८ ग्रॅमचा. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० आणि शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८. झाला की हिशेब! दिवसाची एक पोळी आणि एक लहान वाटी भात कमी. त्यासाठी पंगतीतून उठायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे. नुसता तांदूळ काढून गहू किंवा ज्वारी-नाचणी आणल्याने धोका कमी झालेला दिसत नाही, एकूण कर्बोदकंच कमी व्हावी लागतात. भाकरी चांगलीच, पण ती 'फुकट' नव्हे. काढलेल्या घासाच्या जागी डाळ, उसळ, दही यायला हवं. (ज्यांच्या मूत्रपिंडांना त्रास आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावं.)

"मी तर बारीक आहे, मला काय होतंय?" असं मैत्रिणी म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वरून बारीक, आतून चरबी, ही आपली भारतीय ठेवण. म्हणून मधुमेह नसला तरी मीही मोजूनच वाढून घेते.

एकादशीचं तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यावर बटाटा आणि रताळं! आता आमच्याकडे एकादशीला दाणे, दही, काकडी आणि खिचडी चार चमचे. विठोबा काही रागावलेला दिसला नाही :-)

असो. आता दोघांची ताटं सारखीच असतात. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, एक पोळी आणि शेवटी वाटीभर भात. ह्यांची तीन महिन्यांची सरासरी ८.२ वरून ७.१ वर आली, त्यात डॉक्टरांच्या गोळ्यांचा आणि रोजच्या चालण्याचाही वाटा आहेच. पण मला त्या आकड्यापेक्षा जास्त आनंद याचा आहे की 'पेशंटचं ताट' हा शब्द घरातून गेला.

तुमच्याकडे काय मोजता, काय सोडता? जरूर कळवा.