आकड्यांवर तळहात

जुनं पुस्तक हाती आलं की मी मधलंच एखादं पान उघडतो आणि त्यावरचे आकडे तळहातानं झाकतो. उरलेला मजकूर वाचतो. त्यात एखादी वाट दिसली, टोळीचा म्होरक्या दिसला, बाजार कुठल्या वारी भरतो ते कळलं, तर पुस्तक ठेवून घ्यायचं. काहीच उरलं नाही तर ते कितीही देखणं असो, आमच्या टेबलावर त्याला जागा नाही.

टेबल म्हणजे सिडकोतल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. शनिवारी रात्री ताटं उचलली की त्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्स मांडला जातो. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: चार-पाच जण एकेक पात्र होतात आणि एक जण उरलेलं सगळं जग होतो. वेशीवरचा पहारेकरी तोच, पाऊस तोच, भाव चढवून सांगणारा व्यापारी तोच आणि भुयारातली खुडबुडही तोच. त्याला डंजन मास्टर म्हणतात, तोंडी डीएम. पात्रानं काय करायचं ते खेळणारा सांगतो; ते साधलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा सांगतो. माझा भाचा आणि त्याचे इंजिनिअरिंगचे दोस्त खेळतात. डीएम मी.

खेळ १९७४ चा, अमेरिकेतला; गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे जनक. पुढे आवृत्त्या निघत राहिल्या: दुसरी १९८९ ची, तिसरी २००० ची, चौथी २००८ ची, पाचवी २०१४ ची, आणि २०२४ पासून पाचवीचंच दुरुस्त केलेलं रूप. मुलं नवीच आवृत्ती खेळतात आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. नियम सुटसुटीत आहेत, नवखा पोरगा पहिल्याच रात्री रुळतो. जुन्या आवृत्त्यांत चिलखत जितकं भक्कम तितका त्याचा आकडा, म्हणजे आर्मर क्लास, लहान, असा उफराटा हिशेब होता. दुसऱ्या आवृत्तीत तर त्यापायी ‘थॅको’ नावाची एक वजाबाकी होती, तिच्या नावानं जुने खेळाडू अजून बोटं मोडतात. तिसऱ्या आवृत्तीनं तो आकडा सुलटा केला. जुन्या पुस्तकातला प्राणी आज खेळवायचा असेल तर विसातून जुना आकडा वजा करायचा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

“मामा, नव्या पुस्तकात सगळं आहे की. मग ही रद्दी कशाला?” भाचा विचारतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. नव्या पुस्तकात प्राणी कसा लढतो ते चोख दिलेलं असतं. तो लढत नसतो तेव्हा काय करतो, याची मला जास्त गरज पडते, कारण आमच्या टेबलावरची मुलं तलवार उपसायच्या आधी तासभर चौकश्या करतात. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्क नावाच्या प्राण्याचं पान काढा. तीस ते तीनशे एकत्र आढळतात. दर तिसांमागे एक म्होरक्या आणि त्याचे तीन हस्तक. हेही आकडेच, पण ते मी झाकत नाही. त्यांत एक वस्ती दिसते. त्याच पुस्तकात माणूस हाही एक प्राणी म्हणून नोंदलेला आहे: यात्रेकरू दहा ते शंभर, व्यापारी पन्नास ते तीनशे. नाथषष्ठीला पैठणकडे निघालेली दिंडी ज्यानं रस्त्यात ओलांडली आहे, त्याला पहिली नोंद वाचताच पुढची पताका आणि मागचा सामानाचा टेम्पो दोन्ही दिसतात. नव्या पुस्तकांतून ही नोंदच गळली.

अशी पुस्तकं आपल्या शहरात कागदी रूपात मिळतील ही आशा नको. औरंगपुऱ्यात गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच आणि स्पर्धा परीक्षांचे ठोकळे यांच्या आड अमेरिकेतला १९७९ चा डंजन मास्टर्स गाइड सापडायचा नाही. पण २०१३ पासून जुन्या आवृत्त्यांच्या पीडीएफ पुन्हा रीतसर विकत मिळू लागल्या. त्यांतली हवी ती पानं छापायची आणि स्पायरल बाइंडिंग करून घ्यायचं. झेरॉक्सवाल्यानं एकदा सांगाड्याचं चित्र बघून विचारलं, “सर, मेडिकलचं आहे का?” मी हो म्हणालो. खरं सांगायला बसलो असतो तर मागची रांग खवळली असती.

सगळंच जुनं घ्यायचं असं मात्र नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या काळात निघालेली कितीतरी पुस्तकं माझ्या तळहाताखाली नापास होतात. योद्ध्याला हा डाव, चेटक्याला तो मंत्र, अमुक पातळीला अधिक दोन: आकडे झाकले की पान कोरं. नियमांसाठी लिहिलेलं पुस्तक नियम बदलले की संपतं. त्याउलट १९८७ मध्ये तेव्हा हा खेळ छापणाऱ्या टीएसआर कंपनीनं गॅझेटिअर याच नावाची एक मालिका सुरू केली. पहिला भाग अॅरन ऑलस्टनचा, कारामेइकोस नावाच्या काल्पनिक डचीवर. त्यातले नियम केव्हाच शिळे झाले, पण कोण कुणाच्या जमिनीवर नाराज आहे, हे अजून जसंच्या तसं वापरता येतं.

आणि गॅझेटिअर म्हटल्यावर मग काल्पनिक डचीवरच का थांबायचं? औरंगाबाद जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटिअर आहेच. पिकं, रस्ते, बाजार, यात्रा, पाण्याच्या सोयी. निजामाच्या सरकारला महसूल हवा होता, मला खेळायला जग हवं आहे. दोघांचे प्रश्न बरेचसे सारखे. कीर्तनकार आख्यान जुनंच लावतो आणि दृष्टान्त मात्र सकाळच्या पेपरातला घेतो, तसा फासा नवा आणि गाव जुनं, अशी माझी मांडणी हळूहळू ठरत गेली.

आमच्या कथेतला गड उघड उघड देवगिरीवरून उचललेला आहे. दौलताबादचा किल्ला शहरापासून इतका जवळ असताना दुसऱ्या कुणाचं भुयार उसनं का आणावं? डोंगराचा पायथा चहूबाजूंनी तासून भिंतीसारखा उभा केलेला, भोवती खंदक, पलीकडे जायला एक अरुंद वाट, आणि मग ती अंधारी: खडकातून वर चढणारी, वळणं घेत जाणारी काळोखी वाट. वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत कोंडायची सोय. १९७८ चं टूम ऑफ हॉरर्स हे साहस सापळ्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. खेळाडूंची पात्रं त्यात पटापट मरतात. मी ते वाचलं तेव्हा देवगिरीच्या कारागिरांची आठवण झाली. त्यांच्या सापळ्यांत विनोद कमी आणि हिशेब जास्त आहे.

या गडात पहिल्या रात्री कुणाशी गाठ घालायची? या खेळात नवख्यांसमोर रिवाजानं मोठे उंदीर येतात. १९७७ च्या पुस्तकात ते पाच ते पन्नास आढळतात, आर्मर क्लास ७. विसातून सात गेले, तेरा. २०१४ च्या पुस्तकात त्याच उंदराला बारा दिलेत. सदतीस वर्षांत उंदीर एका आकड्यानं हलला! पण आकडा तेरा असो की बारा, मला हवा असलेला उंदीर या दोन्ही पुस्तकांत नव्हता. तो इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात सापडला. चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाच्या काळात हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. गडावरच्या कैदखान्याबद्दल तो लिहितो की तिथले उंदीर मांजरांपेक्षा मोठे. मांजरंच त्यांना बघून पळतात. मलिक खत्ताब नावाच्या अफगाण सरदारानं त्याला स्वतःची हकीकत सांगितली. त्याला उंदरांच्या खड्ड्यात टाकलं होतं. रात्री ते त्याच्यावर जमून यायचे आणि तो त्यांच्याशी झगडत राहायचा. शेजारच्या खड्ड्यातला कैदी आजारी पडला, तर उंदरांनी त्याची बोटं आणि डोळे खाल्ले. ते कानावर गेल्यावर सुलतानानं खत्ताबला बाहेर काढवलं.

हे मी टेबलावर जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं. फासे कुणी उचललेच नाहीत. मग वैद्याचं पात्र खेळणारी मुलगी म्हणाली, “काका, खड्ड्यात कैदी नसतात तेव्हा हे उंदीर खातात काय?”

या प्रश्नाला पाचव्या आवृत्तीत उत्तर नाही, पहिल्या आवृत्तीतही नाही आणि इब्न बतूतानंही दिलेलं नाही. मुलांनी स्वतःच तर्क लढवला: एवढी फौज वेढ्यात महिनोन्महिने तग धरते, म्हणजे धान्याची कोठारं भरलेली असणार, उंदीर कोठारावर पोसतात, कैदी हा वरकड घास. मग धान्य येतं कुठून? तिथं मला दख्खनच्या मोहिमांत मोगल फौजांना धान्य पुरवणारे लमाणांचे तांडे आठवले. पन्नास ते तीनशे व्यापारी ही १९७७ ची नोंद बाहेर काढली, तिला बैल जोडले, वर नायक बसवला, आणि पुढचे कितीतरी शनिवार त्या नायकाशी भाव ठरवण्यात गेले. लढाई झालीच नाही म्हणून एक पोरगा कुरकुरला. बाकीच्यांनी त्याला गप्प केलं.

स्थळांसाठी माझा हात सगळ्यांत आधी जातो तो महानुभावांच्या स्थानपोथीकडे. चक्रधरस्वामी जिथं जिथं थांबले त्या जागांची ती नोंद. गावाच्या कुठल्या दिशेला देऊळ, त्याचं दार कुणीकडे, तिथून पुढची जागा कुणीकडे. लढाई नाही, खजिना नाही. जागा कशी सापडेल याची मात्र पक्की काळजी. नकाशा काढायला बसलेल्या डीएमला यापरतं काय हवं? पोथी श्रद्धेनं लिहिलेली आहे, म्हणून ती मी फाशांच्या शेजारी ठेवत नाही. तिच्यावरून काढलेले आराखडे वहीत उतरवून घेतो आणि नावं बदलतो.

पैठणच्या गुणाढ्याची गोष्ट मुलांना सांगितली तेव्हा वेगळाच गोंधळ झाला. सातवाहन राजानं पैशाचीतली बृहत्कथा नाकारली, म्हणून गुणाढ्य रानात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकत गेला. सहा लाख श्लोक जळाल्यावर राजा धावत आला, तेव्हा लाखभर उरले होते. तेही आज मूळ रूपात नाहीत. आहे तो अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवानं रचलेला कथासरित्सागर, आणि क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी. भाच्यानं शांतपणे निकाल दिला, “म्हणजे फर्स्ट एडिशन आउट ऑफ प्रिंट. सगळे कन्व्हर्जनवरच खेळतायत.”

त्याच पोरानं माझी तळहाताची कसोटीही एकदा उलटवली. १९८० च्या डेइटीज अँड डेमिगॉड्स या पुस्तकात भारतीय देवतांचं एक प्रकरण आहे. इंद्र, अग्नी, लक्ष्मी. प्रत्येकाला आर्मर क्लास, प्रत्येकाला हिट पॉइंट. लक्ष्मीवर किती वार झाले की ती कोसळते, याचा हिशेब! ते बघून आम्ही सगळेच हसलो. पण भाचा म्हणाला, “मामा, आकडे झाका आणि मग वाचा.” झाकले. खाली उरलेलं जगही आपल्या ओळखीचं नव्हतं. मॉन्स्टर मॅन्युअलमधला राक्षस असाच: वाघाचं तोंड, अंगात उंची झगा, हातात पाइप, आणि मरण आशीर्वाद दिलेल्या क्रॉसबोच्या बाणानं. चित्र झकास आहे, डेव्हिड ट्रॅम्पियरचं. पण असा राक्षस मी कुठल्या कीर्तनात ऐकलेला नाही. ऑर्कांच्या पानाचंही तेच. वस्ती दाखवली, पण ती शेवटी कापून काढण्यासाठी. २०२४ च्या खेळाडूंच्या पुस्तकात ऑर्क हे तुम्ही स्वतः घेऊ शकाल असं पात्र झालंय, आणि २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये त्याची वेगळी नोंदच नाही. जुनं ते सोनं म्हणायला इथं जीभ रेटत नाही. आपल्याकडच्या गोष्टींसाठी मी आता २०२२ चं जर्नीज थ्रू द रेडिअंट सिटाडेल उघडतो. त्यात मिमी मोंडल यांनी लिहिलेलं साहस आहे, बंगालच्या पाण्यामातीतून आलेलं. तिथं देवता म्हणजे नुसता हिट पॉइंटांचा आकडा नसतो. एवढ्यापुरती रद्दी कुठली आणि पुस्तक कुठलं, याचा निवाडा भाच्यानं केला आणि मी तो मान्य केला.

पुढच्या शनिवारपासून मंडळी गडावरून शहरात उतरतील. तिथं पंचायत अशी की त्यांना मलिक अंबरच्या नहरीची कुणकुण लागली आहे. डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी ती नहर. मध्ये मध्ये हवेसाठी आणि दुरुस्तीसाठी उघडणारी तोंडं. चोराच्या पात्रानं आत्ताच विचारून ठेवलंय की पाणी उतरलेलं असताना त्यातून सरपटत जाता येईल का. त्यासाठी १९८६ चं डंजनिअर्स सर्व्हायवल गाइड बाइंडिंगला टाकलं आहे. डग्लस नाइल्सच्या या पुस्तकातले नियम इतके किचकट की त्यांतला एकही मी वापरणार नाही. पण कोंदटलेली हवा, खडकातून झिरपणारं पाणी, विझत आलेला दिवा यांवर त्यानं पानंच्या पानं लिहिली आहेत. बुधवारी देतो म्हणाला आहे झेरॉक्सवाला.