दोर धरणारे हात

शाळेने मुलांना माउंट अबूच्या स्वामी विवेकानंद गिर्यारोहण संस्थेत प्रस्तरारोहणासाठी नेण्याचे ठरविले, तेव्हा बडोद्यातील आमच्या घरी पहिला प्रश्न सासूबाईंचा : ‘आठवीतली पोर, आणि कातळावर?’

पोर परतली; पण पराक्रमाच्या गोष्टी थोड्याच. दोन हात व दोन पाय यांपैकी तीन सदैव कातळावर असावेत, एकच हलवावा, हा धडा तिने आजीलाच समजावला. अधिक बोलली ती दोराविषयी. चढणाऱ्याचा दोर शिक्षकांच्या देखरेखीखाली दुसरा विद्यार्थी सांभाळतो. गाठ दोघांनी तपासायची आणि ‘चढू?’ या प्रश्नाला खालून ‘चढ’ असे उत्तर आल्यावाचून पाऊल उचलायचे नाही. वर्गात जिच्याशी हिचा वर्षभर अबोला, तिच्याच हाती हिचा दोर आला होता!

परीक्षेत ज्याने त्याने आपल्यापुरते पुढे जावे, हेच आपण शिकवितो. १९५३ साली तेनसिंग व हिलरी एव्हरेस्टवर पोहोचले, ते मात्र एकाच दोराला बांधलेले. मुलांना पाठविण्यापूर्वी शिक्षक किती, शिरस्त्राणे पुरेशी आहेत का, हे पालकांनी अवश्य विचारावे. उत्तर समाधानकारक मिळाले, की दार अडवून उभे राहू नये.