पाय कोणी लावले?

चुका काढण्याची जी सवय शिक्षकाच्या अंगी एकदा जडते, ती निवृत्तीनंतरही त्याला सोडून जात नाही. लग्नपत्रिका हाती आली तरी आधी तिच्यातील ऱ्हस्वदीर्घ तपासले जातात आणि मग मुहूर्ताकडे लक्ष जाते. आम्हीही याला अपवाद नाही. तीस वर्षे जीवशास्त्र शिकविल्यामुळे आमची ही खोड प्राणिसृष्टीच्या बाबतीत विशेष बळावली आहे. या खोडीपायी आमच्या हातून एका दहा वर्षांच्या मुलावर अन्याय घडला, आणि तो ध्यानी यायला आम्हांला बरीच वर्षे लागली. निमित्त झाले ते संगणकावरील एका खेळाचे.

२००९ च्या मे महिन्यात आमचा भाचा सुटीसाठी बेळगावहून फोंड्यास आमच्या घरी आला. फणस-आंब्यांहून त्याला ओढ होती ती आमच्याकडे नव्याने आलेल्या संगणकाची. येताना त्याने एक तबकडी आणली होती. खेळाचे नाव ‘स्पोर’, म्हणजे बीजाणू. शहरे वसविण्याचा ‘सिमसिटी’ हा खेळ १९८९ साली ज्याने जगाला दिला, त्या विल राइट या अमेरिकन गृहस्थाची ही कल्पना. २००५ साली खेळ रचणाऱ्यांच्या एका मेळाव्यात त्याने ती प्रथम दाखविली, आणि २००८ च्या सप्टेंबरात खेळ बाजारात आला.

त्याची व्याप्ती पाहून आम्हीही क्षणभर थक्क झालो. आकाशातून एक पाषाण येऊन एका अनाम ग्रहाच्या सागरात पडतो आणि त्याच्यातून एक इवलासा जीव बाहेर येतो. तो आपला. त्याने खावे, वाढावे, मोठ्यांच्या तोंडून निसटावे. पुढे तो जमिनीवर येतो, कळपात राहतो, शेकोटीभोवती टोळी करतो, नगरे उभारतो आणि शेवटी यानात बसून ताऱ्यांकडे निघतो. जीव, प्राणी, टोळी, संस्कृती आणि अंतराळ अशा या पाच पायऱ्या. पायरीपायरीवर आपला प्राणी मनासारखा घडविण्याची सोय असते. तोंड, डोळे, शिंगे, शेपटी यांची एक मांडणीच समोर असते. त्यातले उचलावे आणि मातीच्या गोळ्यासारख्या मऊ देहावर हवे तेथे लावावे. गंमत अशी, की पाय तीन लावा की तेरा लावा, त्या पायांनी कसे चालायचे याचा हिशेब संगणक स्वतःच करतो आणि ते विचित्र ध्यान खरोखरीच चालू लागते. भाच्याच्या प्राण्याला सहा पाय, पोपटाची चोच आणि पाठीवर दोन डोळे होते. त्याचे नाव त्याने ‘गडबड्या’ असे ठेवले होते. पहिले आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

आमचे चिरंजीव तेव्हा अभियांत्रिकी महाविद्यालयात होते. त्यांनी २००५ पासून या खेळाची वाट पाहिली होती, आणि म्हणूनच त्यांचा राग मोठा होता. ‘ही पाच खेळांची शिवलेली गोधडी आहे,’ ते म्हणत. ‘पहिल्या चार पायऱ्या पोरखेळ, दोन दिवसांत संपतात. तोंड गुडघ्यावर लावा नाहीतर कपाळावर, चावा तेवढाच! मग घडवायचे कशासाठी?’ पाचवी पायरी तेवढी अफाट, हे त्यांना मान्य होते. तेथे हजारो तारे आहेत, उजाड ग्रहांवर हवापाणी निर्माण करता येते, आकाशगंगेच्या मध्याभोवती ग्रॉक्स नावाची एक दुष्ट जात दबा धरून असते. परंतु जरा कोठे दूरच्या ताऱ्याकडे निघावे, तोच घरून निरोप येतो: चाचे आले, रोगराई पसरली, शेजाऱ्यांनी हल्ला केला, त्वरित या. ‘हे अंतराळातले गृहस्थाश्रम झाले,’ असा चिरंजीवांचा शेरा होता. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी, ‘तुला आत्तापासूनच कळलं, बरं झालं,’ एवढेच म्हटले.

दोन भावंडांचा हा वाद जगातील खेळाडूंचाच वाद होता. प्राणी घडविण्याची कार्यशाळा सर्वांनी वाखाणली. तिच्यापलीकडे फारसे काही नाही, असे अनेक जाणत्या खेळाडूंचे मत पडले. पदरमोड करून घेतलेली तबकडी आरंभी तीनच संगणकांवर चढविता येई, त्याचा संताप वेगळाच. गिऱ्हाइकाला चोर समजता काय, असे लोकांनी उघड विचारले. त्यातच ऑक्टोबर २००८ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकाने शास्त्रज्ञांच्या मदतीने खेळाची चक्क गुणपत्रिका तयार केली. तीत उत्क्रांतीच्या विषयात खेळ नापास झाला.

ही बातमी आमच्या कानी आली मात्र, आणि आमच्यातला परीक्षक जागा झाला. उत्क्रांती म्हणजे काय, हे तीस वर्षे आम्ही फळ्यावर लिहीत आलो होतो. एकाच जातीच्या पिलांत थोडाथोडा फरक असतो. तो फरक पुढच्या पिढीत उतरतो. ज्यांचा फरक परिस्थितीला उपयोगी पडतो, त्यांची संतती अधिक टिकते. घडविणारा कोणी नाही, आराखडा नाही, मुक्कामाचे गाव ठरलेले नाही. आणि येथे तर एक मुलगा बोटाने डोळे उचलून पाठीवर लावीत होता!

एके रात्री पाने वाढलेली असताना आम्ही भाच्याला विचारले, ‘काय रे, मासे पाण्यातून जमिनीवर कसे आले, सांग पाहू?’

तो ताबडतोब म्हणाला, ‘मामा, आधी पाय लावायचे. पाण्यात असतानाच. मग बाहेर यायचं. पाय नसले तर बाहेर जाताच येत नाही.’

आम्ही मोठ्याने हसलो. चिरंजीव हसले. पंगतीला शेजारचे दोघे होते, तेही हसले. मग आम्ही त्याला शास्त्र सांगितले: तळी आटली, मासे नाइलाजाने जमिनीवर आले, सरपटले, आणि लक्षावधी वर्षांत त्यांच्या परांचे हळूहळू पाय झाले. मुलाने सारे ऐकून घेतले. मग तो म्हणाला, ‘पण मामा, पाय नव्हते तर ते चालले कसे?’

‘आधी जेव,’ आम्ही म्हणालो.

त्या दिवसानंतर गडबड्या आम्हांला पुन्हा दिसला नाही. आम्ही खोलीत गेलो की पडद्यावर दुसरेच काही असे. मुले वाद घालीत नाहीत. ती दार लावून घेतात.

निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि आम्ही आमच्याच विषयाची पुस्तके नव्याने वाचू लागलो. तेथे एकॅन्थोस्टेगा नावाच्या प्राण्याशी आमची गाठ पडली. सुमारे साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा हा जीव. केंब्रिजच्या जेनी क्लॅक या विदुषीने १९८७ साली ग्रीनलंडच्या पूर्व भागातून त्याचे अवशेष मिळविले. त्याला चार पाय होते आणि पुढच्या पायाला बोटे आठ होती. परंतु त्याला माशासारखे कल्ले होते, शेपटीला पर होता, आणि ते पाय देहाचा भार जमिनीवर पेलण्याजोगे नव्हतेच. तो पाण्यात राहणारा प्राणी होता. त्याच्याही आधीचा, सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा टिक्टालिक २००४ मध्ये उत्तर कॅनडात सापडला. तो मासाच, पण त्याच्या पराच्या आत दंड, कोपर आणि मनगट यांची हाडे ओळखू येतात. उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या पाण्यात तळाशी रेटा द्यायला असे अवयव उपयोगी पडले असावेत. जमीन त्यांच्या स्वप्नातही नव्हती.

म्हणजे पाय आधी आले, पाण्यात असतानाच आले, आणि बाहेर येणे मागाहून घडले. पंगतीत बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाने हेच सांगितले होते. त्याच्या वाक्यात ‘लावायचे’ हे एकच क्रियापद चुकले होते. आमच्या उत्तरात क्रमच चुकला होता. आणि एकॅन्थोस्टेगाविषयीचे शोध १९९० च्या सुमारासच प्रसिद्ध झालेले असल्यामुळे आमच्या अज्ञानाला त्या रात्री कोणतीही सबब नव्हती. एवढेच काय, ‘पाय नव्हते तर ते चालले कसे?’ हा त्याचा प्रश्न आमच्या पाठांतरातली खोट नेमकी दाखवीत होता. आम्ही त्याला भात कालवायला सांगितले.

खेळाला शास्त्र कळत होते, असा याचा अर्थ नाही. त्याचा क्रम बरोबर आला तो सोयीपोटी. लावणारा हात आपल्याला सर्वत्र हवासा वाटतो, हेही खरे. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम उत्क्रांतीशी ताडून पाहण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे, आणि तेथेही प्रत्येक रूप कोणीतरी हेतूने धारण केलेलेच असते. ‘स्पोर’वर असमाधानी असलेल्या काही खेळाडूंनी पुढे एकत्र येऊन ‘थ्राइव्ह’ नावाचा अधिक शास्त्रशुद्ध खेळ रचायला घेतला. त्यात इतर जाती निवडीच्या हिशेबाने बदलतात. पण खेळणाऱ्याची स्वतःची जात मात्र त्याच्याच हाती राहते. दुसरे होणार तरी काय? खऱ्या उत्क्रांतीत खेळणाराच नसतो. तिचा प्रामाणिक खेळ केला, तर आपल्याला केवळ बघत बसावे लागेल.

२००८ साली जे मोठे होते, त्यांपैकी पुष्कळांच्या मनात या खेळाविषयी अपेक्षाभंग उरला. जे लहान होते, त्यांपैकी पुष्कळजण आज त्याचे नाव मायेने काढतात. दोन्ही पक्ष खरे बोलतात, असे आम्हांला आता वाटते. एकाने दिलेले वचन मोजले आणि दुसऱ्याने हाती आलेला गोळा.

भाचा हल्ली हैदराबादेस नोकरी करतो. मागच्या महिन्यात आम्ही त्याला दूरध्वनी करून एकॅन्थोस्टेगाची सारी हकीकत सांगितली, आणि त्या रात्री तू बरोबर होतास, असेही सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

‘तुम्ही हसलात त्याचं काही नाही, मामा,’ तो म्हणाला. ‘पण ‘आधी जेव’ म्हणालात ना, ते लक्षात राहिलं.’

आम्ही क्षमा मागितली. वयाने लहान माणसाची क्षमा मागण्याचा आम्हांला सराव नाही. वाक्य नीट जमले नाही. पण ते त्याला पोहोचले असावे, कारण मग त्याने विषय बदलून सांगितले, की तो खेळ अजून विकत मिळतो, चवथीला तो फोंड्यास येणार आहे, आणि येताना संगणक आणील. आम्ही एक प्राणी घडवावा, अशी त्याची इच्छा आहे.

आम्ही होकार दिला आहे. किती पायांचा, ते अजून ठरलेले नाही. पाण्याबाहेर पडण्याआधी ते लावायचे, एवढे मात्र आम्ही आता विसरणार नाही.