पत्रा, ठिणगी आणि शिवण

पद्मिनीचा गंज आतून बाहेर येतो. रंगाला फुगवटा धरलेला दिसेपर्यंत मागचा पत्रा बहुधा पापुद्रे सोडू लागलेला असतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी मूळच्या इटालियन फियाट ११०० घराण्यातली. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. १०८९ सीसीचे साधे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि काळ्यापिवळ्या रंगात मुंबईला पाठ झालेला चेहरा. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यावर थांबली. खासगी पद्मिनी मात्र अजून कुठे अंगणात, कुठे सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली आहेत, आणि त्या घरीच नव्याने उभ्या करणाऱ्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटावे.

इंजिन त्यातल्या त्यात सोपे. खरी कसोटी पत्र्याची. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालून पुढून मागे जाणारी पोकळ पत्र्याची पेटी तिचा कणा. मॅटखाली पावसाचे पाणी मुरते, निचऱ्याची भोके चिखलाने बुजतात आणि ही पेटी तळातून खाल्ली जाते. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापत नाहीत. दाराच्या चौकटीत आधी तात्पुरती लोखंडी दांडी जोडायची, मग एकाच बाजूला हात घालायचा. नाहीतर बॉडी मध्ये खचते आणि दार पुन्हा नीट लागत नाही. गंजावर लांबी भरून रंग मारणे ही दुरुस्ती नव्हे, ती झाकपाक आहे.

वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी उतरवतात, बॅटरी काढतात, आग विझवण्याचे नळकांडे हाताशी ठेवतात. पातळ पत्र्याला मिग वेल्डिंग मशीन आणि ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार पुरते. सलग वेल्ड ओढला की पत्रा तापून लाटा धरतो. म्हणून एक टाका इथे, दुसरा लांब तिकडे, मधे थंड होऊ द्यायचे, असे टाक्याला टाका मिळवत जायचे.

तळाचे काम गाडीखाली उताणे पडून करावे लागते आणि ठिणग्या सरळ अंगावर येतात. कॉलर, बाही, बुटाचे तोंड, उघडा खिसा, पँटची वर दुमडलेली कड, जिथे फट तिथे त्या शिरतात. घरी कामासाठी हटकून निघते ती टेरिकॉटची जुनी पँट, आणि नेमकी तीच घालू नये. टेरिकॉटमधले पॉलिस्टर वितळते व कातडीला चिकटते. सुती कापड कोळपते, पण वितळत नाही. सुती कापडही जाड, घट्ट विणीचे हवे. चौरस मीटरला ३०० ग्रॅमच्या आसपास वजनाचे, आग सहज न धरणारे केलेले सुती कापड घरच्या कामाला चांगले. आयएसओ ११६११ या मानकात अशा कपड्यांचे दोन वर्ग आहेत. जास्त ठिणग्या उडतात त्या कामाला दुसरा वर्ग. जीन्स चालते, मात्र फाटून सुटलेले दोरे आधी कापून टाकावेत, कारण पेट घेतात ते तेच.

छाती आणि बाह्यांवर चामडे सर्वांत भरवशाचे. क्रोमने कमावलेले गायीम्हशीचे कातडे उष्णतेत लवकर आक्रसत नाही. पण एप्रन घेताना कातड्याइतकीच शिवण उलटून पाहावी. साधा नायलॉनचा दोरा ठिणगीने वितळतो आणि धडधाकट कातड्याची बाही खांद्याशी उसवते. केव्हलारचा दोरा, दुहेरी शिवण आणि ताण येतो तिथे रिबीट असलेला एप्रन दोन पैसे जास्त देऊन घ्यावा. धारावीत चामड्याचे काम जुने आहे. मापाचा एप्रन शिवून घ्यायचा तर दोरा आपणच सांगावा.

वेल्डिंगच्या आर्कच्या, म्हणजे विजेच्या झोताच्या, प्रकाशातले अतिनील किरण कापडालाही जाळतात. सुती सदरा छातीवर आणि मनगटाजवळ आधी विटतो, मग तिथेच विरतो. उजेडाकडे धरला की ते कळते. गडद रंग बरा, कारण फिकट कापडावरून परतलेला उजेड मुखवट्याच्या आत जातो. आग न धरणारे कापड ब्लीचमध्ये भिजवू नये, त्याला मऊपणा आणणारे द्रव लावू नये. तेला-ग्रीसने माखलेला सदरा कितीही जाड असला तरी वेल्डिंगला घालू नये. तो इंजिनाच्या कामासाठी वेगळा ठेवावा.